गुणानुक्रमे

१

सगळ्यांत कमी गुण असलेल्या मुलीने सगळ्यांत कमी वेळात उत्तर काढलं, आणि घोटाळा झाला हे सगळ्यांनी तिथेच ठरवून टाकलं. कुणी केला, एवढंच शोधायचं बाकी होतं. त्यासाठी विद्यापीठाने चौकशीबाईंना पाठवलं.

हे अर्थातच त्यांचं नाव नव्हतं. परीक्षा विभागात त्यांचा हुद्दा बराच लांबलचक होता, पण फुटलेला पेपर किंवा फिरवलेली उत्तरपत्रिका शोधायला त्या ज्या ज्या कॉलेजात जात, तिथे पहिल्या तासाभरात त्यांना हेच नाव पडे. त्या कँटीनमध्ये शिरल्या की गप्पा बंद होत. शेजारच्या टेबलावरचे लोक चहा अर्धा टाकून उठत. ज्यांनी काहीच केलेलं नसे, ते तर सगळ्यांत आधी उठत. बाईंना आता त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटतं की नाही हे त्यांनी तपासणं सोडून दिलं होतं.

प्राचार्य मऊ बोलणारे, वर्तमानपत्रांना भिणारे गृहस्थ होते. त्यांनी हकीकत सांगितली ती अशी. इंजिनिअरिंगला येणारी मुलं प्रवेशपरीक्षेत भरघोस गुण मिळवतात आणि पहिल्याच सहामाहीत त्यांतली कितीतरी गळपटतात, हे कॉलेज वर्षानुवर्षं पाहत होतं. गुण असायचे, तयारी नसायची. म्हणून यंदा काही जागांसाठी प्रवेशपरीक्षेच्या जोडीला हातचाचणी घ्यायची ठरलं.

चाचणी साधी होती. कार्यशाळेतल्या एका खोलीत वजन उचलायचं छोटं यंत्र ठेवलं. त्याच्या एका टोकाला हाताने फिरवायचा दांडा, दुसऱ्या टोकाला दोरीचं रीळ, आणि मध्ये ओळीने तीन बंद पेट्या, प्रत्येकीत दातेरी चाकं. दांडा कितीही फिरवला तरी वजन जागचं हलत नसे, कारण एका पेटीतली, चाकाला आसाशी जखडणारी खीळ काढून ठेवली होती. उमेदवाराने एकट्याने आत जायचं, दांडा फिरवायचा, दोरी ओढून बघायची, कान लावायचा, डोकं चालवायचं. मात्र झाकण एकाच पेटीचं उघडायचं. बरोबर पेटी आणि कमी वेळ, म्हणजे जास्त गुण. तो बाहेर पडला की कार्यशाळेचे मास्तर यंत्र पुन्हा होतं तसं करून ठेवत आणि पुढचा आत जाई.

"कल्पना माझीच होती," प्राचार्य म्हणाले, आणि म्हटल्याबद्दल त्यांना लगेच वाईट वाटलेलं दिसलं.

निकाल उफराटा लागला होता. प्रवेशपरीक्षेत वर असलेली मुलं यंत्रापुढे चाचपडली. काहींनी भलतीच पेटी उघडली. गुण जसजसे कमी, तसतसा वेळही कमी. आणि यादीतली शेवटची मुलगी, तिने दांड्याला हातसुद्धा लावला नाही. आत गेली, सरळ रिळाजवळची तिसरी पेटी उघडली आणि बाहेर आली.

एक मुलगा तेवढा अपवाद होता, प्राचार्यांनी कौतुकाने सांगितलं. गुणवत्ता यादीत दुसरा. बिचाऱ्याची बस वाटेत बंद पडली, तो संध्याकाळकडे पोचला, म्हणून त्याला त्या मुलीच्या जरा आधी आत सोडलं. तरी धापा टाकत आला आणि हां हां म्हणता उत्तर काढून मोकळा झाला. शेवटी हुशार तो हुशारच.

मुलीला तात्पुरता प्रवेश दिलेला होता. अंतिम यादी परवा संध्याकाळी बंद व्हायची होती. तोवर उलगडा झाला नाही, तर तिची जागा पुढच्याला जाणार होती आणि तिच्या नावापुढे गैरमार्गाचा शेरा बसणार होता. तो बसला की या विद्यापीठाच्या कुठल्याच कॉलेजात तिला कुणी उभं करणार नव्हतं.

बाईंनी यंत्र बघायला मागितलं.

कार्यशाळेच्या त्या खोलीत खिडकीशी यंत्र उभं होतं, हिरवंगार, नुकतंच खोक्यातून काढल्यासारखं. बाईंनी तिसऱ्या पेटीच्या झाकणावर बोट टेकवलं. बोट हिरवं झालं.

चाचणी संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तरांनी यंत्र नखशिखांत रंगवून काढलं होतं, आणि दुसरा हात आज सकाळी दिला होता.

२

मास्तर बुटके, ताठ आणि कमी बोलणारे होते. यंत्र का रंगवलं, असं विचारल्यावर त्यांना प्रश्नच कळला नाही. दिवसभर तीस पोरांनी हाताळलं, उघडलं, झाकलं, यंत्राला अवकळा आली, म्हणून रंगवलं. त्यात विचारण्यासारखं काय आहे? बाईंनी आजूबाजूला पाहिलं. त्या खोलीतलं स्टूल हिरवं होतं, खिडकीची चौकट हिरवी होती, कचऱ्याचा डबाही हिरवा होता. मास्तरांच्या तावडीतून फक्त मास्तर सुटले होते, आणि तेही पुरते नाही, कारण त्यांच्या मनगटावर हिरवा ओघळ होता.

खीळ कुठली काढायची हे चाचणीच्या दिवशी सकाळी त्यांनी एकट्याने ठरवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं.

"घरी?"

"बायकोला सांगून काय करू? ती म्हणाली असती, आधी माझा मिक्सर बघा."

बाईंना हसू आलं. मास्तर हसले नाहीत. बहुधा मिक्सर अजून बंद होता.

प्रत्येक उमेदवारानंतर झाकण पुन्हा लावायचं कामही त्यांनीच केलं. खोलीची किल्ली त्यांच्याच कमरेला. मग बाईंनी विचारलं, ती मुलगी तुमच्या ओळखीची होती का? मास्तरांनी बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालण्यात घालवला. मुलगी नाही, पण तिचा मामा ओळखीचा, असं ते म्हणाले. एका कारखान्यात दोघे शेजारशेजारच्या यंत्रांवर होते. चाचणीच्या आदल्या दिवशी तो भाचीला घेऊन आला, फाटकाशी भेटला, दोघांनी चहा घेतला.

काय बोललात, या प्रश्नाला उत्तर आलं की त्याच्या गुडघ्याबद्दल.

"हे कुणाला पटेल का, मास्तर?"

"नाही पटणार," मास्तर म्हणाले. "म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

बाईंनी अशा खोल्यांत, अशा खुर्च्यांवर, पुष्कळ खोटी माणसं बघितली होती. खोटी माणसं गुडघ्यापेक्षा बरं काहीतरी शोधून काढतात. पण हे त्यांचं मत होतं, पुरावा नव्हे. अहवालात मत लिहिता येत नाही.

त्या दाराशी पोचल्या तेव्हा मास्तर मागून म्हणाले की गुन्हेगार शोधत असाल, तर ही चाचणी मोडावी असं वाटणारा एक माणूस या आवारात आहे, आणि त्या दिवशी पोरांना आत सोडायला दारावर तोच उभा होता.

३

गणिताच्या प्राध्यापकांना सगळं कॉलेज कटऑफ सर म्हणे, आणि त्यांना ते ठाऊक होतं. सुट्टीचे दिवस होते. रिकाम्या वर्गात एकटेच फळ्यापुढे बसून ते काहीतरी वाचत होते. बाई आत आल्यावर ते उठले, खुर्ची पुसून दिली, आणि म्हणाले की माझी पाळी उशिरा आली, मला वाटलं होतं तुम्ही माझ्यापासून सुरुवात कराल.

फळ्यावर त्यांनी सगळं मांडूनच ठेवलं होतं. आडव्या रेषेवर डावीकडून उजवीकडे उतरते गुण, उभ्या रेषेवर लागलेला वेळ. ठिपक्यांची रांग डावीकडून उजवीकडे उतारावरून चालत गेल्यासारखी खाली खाली गेली होती. डाव्या बाजूला, अगदी तळाशी, खडू पुसल्याचा एक पांढुरका डाग होता.

हे काय, म्हणून बाईंनी विचारलं. उशिरा आलेला तो मुलगा, सर म्हणाले. तो रांगेत बसत नव्हता. अपवाद, म्हणून पुसून टाकला.

चाचणी नको होती हे त्यांनी लपवलं नाही. प्राचार्यांना वाटतं आत घेणं म्हणजे उपकार. पण कच्च्या गणिताचं पोर आत येतं, पहिले दोन आठवडे प्रश्न विचारतं, मग विचारणं सोडतं, मग मागच्या बाकावर जातं. दुसऱ्या सहामाहीत ते वर्गात असतं आणि कुणाला दिसत नाही. आपल्याला काही येत नाही हे फक्त त्याला आणि मला माहीत असतं, आणि दोघंही एकमेकांकडे बघायचं टाळतो. एवढं बोलून त्यांनी फळ्याकडे तोंड करून उगाच एक ठिपका गडद केला.

"अशी किती पोरं मी बघितली, ते मला विचारू नका. तुमच्या अहवालात ती बसणार नाहीत."

दारावर आपण उभे होतो हे त्यांनी आपणहून सांगितलं. चाचणी नको असली तरी व्हायचीच असेल तर चोख झाली पाहिजे, म्हणून बंदोबस्त त्यांनीच मागून घेतला होता. मुलांचे फोन काढून घेतले. थांबायची खोली वेगळी. चाचणी झालेला मुलगा मागच्या दाराने थेट वसतिगृहात. आतल्याची बाहेरच्याशी गाठ पडायला वाव नव्हता. म्हणजे आधीच्यांनी नंतरच्यांना सांगितलं असेल, ही त्यांना सोयीची असलेली शंका त्यांनी स्वतःच मोडीत काढली. बाईंना याचं नवल वाटलं.

आत कुणाला आधी सोडायचं, हे कसं ठरवलं?

कटऑफ सरांना हा प्रश्नही, मास्तरांना रंगाचा वाटला तसा, निरर्थक वाटला. अर्थात गुणानुक्रमे. इथे वसतिगृहाच्या खोल्या गुणानुक्रमे मिळतात, ग्रंथालयाची कार्डं गुणानुक्रमे निघतात, प्रयोगशाळेत टेबलं गुणानुक्रमे. दुसरं कशाच्या क्रमाने सोडणार?

बाई विश्रामगृहात परतल्या. जेवणाच्या खोलीत आठ खुर्च्यांचं टेबल होतं आणि ताट एकच होतं. आचाऱ्याने ते ठेवलं आणि तो दिसेनासा झाला. जेवताना ताईचा फोन आला. कामाबद्दल बोलायची बाईंना परवानगी नव्हती, त्यामुळे ताई कुणाकुणाची लग्नं जमली ते सांगत राहिली आणि बाई हो हो म्हणत राहिल्या. तू काय करतेस, असं ताईने विचारलं. जेवते आहे, असं त्यांनी सांगितलं. ते खरं होतं आणि त्याच्यापुढे सांगण्यासारखं काही नव्हतं.

फोन ठेवतात तोच वसतिगृहाच्या रेक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. ती शेवटच्या नंबरची मुलगी सामान बांधते आहे, एवढं त्यांनी सांगितलं, आणि प्रवेश सोडल्याचा अर्ज कुठे द्यायचा म्हणून विचारते आहे.

४

वसतिगृहाच्या पडवीत मामा खुर्ची टाकून बसले होते, एक पाय लांब करून. गुडघा खरोखरच सुजलेला होता. बाईंना बघून ते उठायला लागले, तर बाईंनी बसा म्हटलं.

"बसतोच. उठायला जमलं असतं तर कालच घेऊन गेलो असतो तिला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, पोर चोर नाही. पण दोन दिवस झाले, काय केलंस म्हटलं की भिंतीकडे बघते. मलाच आता भीती वाटायला लागली."

खोलीत दोन पलंग होते. दुसऱ्या पलंगावरची गादी गुंडाळलेली होती. खोलीतली जोडीदारीण काल दुसरीकडे राहायला गेली होती. ती का गेली हे मुलीने सांगितलं नाही आणि बाईंनी विचारलं नाही.

प्रवेशपरीक्षेत गुण इतके कमी का, तेवढं मुलीने सरळ सांगितलं. बारावीचं अर्धं वर्ष शाळेत गणिताला शिक्षकच नव्हते. पुस्तक घेऊन एकटीने बसायची, जेवढं कळलं तेवढं कळलं. घरात सगळी यंत्रं मामा दुरुस्त करायचा, ते बघायला आवडायचं, म्हणून इंजिनिअरिंग. हे सांगताना तिचा आवाज नीट होता. हातचाचणीचा विषय निघाला आणि तो आटला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "मी कॉपी केली."

"कुणाची?"

"कुणाचीच नाही."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. प्रश्न कसा विचारायचा याचा त्यांनी क्षणभर विचार केला. मग विचारलं, "खोलीच्या बाहेर उभी होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं, पेटी कुठली ते?"

"नाही."

"आणि आत गेल्यावर?"

"गेल्या गेल्या," मुलगी म्हणाली, आणि तिने तोंड भिंतीकडे केलं.

५

सकाळी बाई कटऑफ सरांच्या वर्गात गेल्या. सर अजून आले नव्हते. ठिपक्यांचा उतार रात्रभर तसाच होता.

रात्री झोप लागेपर्यंत त्यांना एकच गोष्ट टोचत होती. बातमी फुटते तेव्हा एकदम फुटते. कळलेला आणि न कळलेला, असे दोन गट पडतात. मधलं काही नसतं. ज्याने लाच दिली त्याला उत्तर ठाऊक, ज्याने नाही दिली त्याला नाही. पण फळ्यावर दोन गट नव्हते. तिथे उतार होता. प्रत्येक मुलाला आधीच्यापेक्षा थोडं जास्त ठाऊक होतं. कुठलाही माणूस अशी बातमी देत नाही. मास्तर देणार नाही, मामा देणार नाही, कुणी देणार नाही.

आणि तो पुसलेला डाग. तो मुलगा हुशार होता म्हणून लवकर सुटला, असं सगळे म्हणत होते. पण त्याच्यासारखीच हुशार मुलं, त्याच्या मागचीपुढची, त्याच यंत्रापुढे चाचपडली होती. त्याच्यात आणि त्यांच्यात फरक एकच होता. त्याची बस बंद पडली होती.

बाईंनी फळा पुसला नाही. शेजारी नवीन रेषा आखल्या. यावेळी आडव्या रेषेवर गुण घेतले नाहीत. कोण कितवा आत गेला, तो क्रम घेतला. बाकीचे ठिपके होते तिथेच राहिले, कारण गुणांचा क्रम आणि आत जाण्याचा क्रम एकच होता. फक्त एक ठिपका हलला. तो डावीकडून उठला, उजवीकडे गेला, आणि रांगेत शेवटून दुसरा बसला, जणू तिथली जागा त्याच्यासाठी धरून ठेवली होती.

म्हणजे ज्ञान गुणांमागे आलं नव्हतं. ते वेळेमागे आलं होतं. दिवस जसा चढत गेला तसं त्या खोलीत काहीतरी साठत गेलं होतं. खोलीत माणूस कुणी नव्हता. होतं ते यंत्र.

बाई कार्यशाळेत गेल्या. रंग आता वाळला होता. त्यांनी मास्तरांना विनंती केली की चाचणीच्या दिवशी जे केलंत तेच आता करा. तिन्हींपैकी कुठलीही एक पेटी मनाशी धरा, मला सांगू नका, आणि तिचं झाकण उघडा, लावा, पुन्हा उघडा, पुन्हा लावा, हात दुखेपर्यंत. मास्तरांनी कारण विचारलं नाही. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे स्क्रू फिरल्याची किरकिर बराच वेळ चालली.

मग त्यांनी प्राचार्य आणि कटऑफ सरांना बोलावून घेतलं. दोघे दारातच होते, तेव्हा त्यांनी यंत्राकडे बोट केलं आणि विचारलं, खीळ कुठल्या पेटीतली काढली असेल?

प्राचार्य म्हणाले, मला यातलं काही कळत नाही. मग त्यांनी यंत्राकडे बघितलं.

"मधल्या," ते म्हणाले.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

६

मधल्या पेटीच्या स्क्रूंच्या डोक्यावरचा रंग उडाला होता. खाचा चांदीसारख्या चकाकत होत्या. झाकणाच्या कडेला हिरवे पोपडे निघाले होते. बाकीच्या दोन पेट्या लग्नाला निघाल्यासारख्या नटून बसल्या होत्या.

चाचणीच्या दिवशीही हेच झालं, बाईंनी सांगितलं, फक्त पेटी तिसरी होती. सकाळी पहिल्या मुलाने यंत्र बघितलं तेव्हा तिन्ही पेट्या सारख्या होत्या. त्याला खरोखर डोकं चालवावं लागलं. त्याने आणि मास्तरांनी मिळून तिसरी पेटी उघडझाक केली. दुसऱ्यानेही केली. भलत्या पेट्या उघडल्या गेल्या, पण थोड्या. दुपारपर्यंत कुजबुजल्यासारखी खूण पडली, संध्याकाळी यंत्र ओरडून सांगत होतं. मास्तरांना ते दिसलं नाही, कारण त्यांना उत्तर ठाऊक होतं. त्यांना तिथे फक्त खराब झालेला रंग दिसला, आणि तो त्यांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त केला. गुणानुक्रमे सोडल्यामुळे वरच्यांना कोरं यंत्र मिळालं आणि खालच्यांना बोलणारं. पोरं चिठ्ठी टाकून सोडली असती तर उतारच दिसला नसता आणि कुणाला संशय आला नसता.

मास्तर स्टुलावर बसले. चुकलं, एवढंच म्हणाले.

कटऑफ सर यंत्राभोवती एक फेरी मारून आले. त्यांचा चेहरा उतरला होता. तो ठिपका मी पुसला, ते म्हणाले. वर्गात पोराने असा ठिपका पुसला असता तर मी त्याला उभं केलं असतं. मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला.

"म्हणजे चोर कुणी नाही. पण चाचणीही नाही. सकाळच्यांची आणि संध्याकाळच्यांची परीक्षा एक नव्हतीच. ती रद्द. आणि ती रद्द झाली की या मुलीजवळ फक्त प्रवेशपरीक्षेचे गुण उरतात. ते पुरत नाहीत."

बाईंना हे सकाळपासून माहीत होतं. शेरा पुसला जाणार होता आणि त्याच फडक्याने जागाही. अहवालात त्यांनी एवढंच लिहून सही केली असती तर त्यांचं काम संपलं असतं, आणि ते बिनचूक झालं असतं.

त्यांनी मुलीला बोलावून घेतलं. मामा लंगडत मागे आले. मुलीने मधल्या पेटीचे स्क्रू बघितले, आणि आपलं गुपित इतक्या लोकांपुढे उघडं पडलेलं बघून तिने मान खाली घातली. दांडा फिरवून शोधायचं होतं, ती म्हणाली. मी फिरवलाच नाही. दिसलं आणि उघडलं. माझ्या आधीचेही हेच करत असतील असं वाटलं नाही. मला वाटलं, मला एकटीलाच दिसलं.

 मग बाईंनी प्राचार्यांना विचारलं की केवळ हातचाचणीच्या जोरावर आत आलेले किती जण आहेत. पाच, आणि पाचही वसतिगृहातच. त्या पाच जणांची चाचणी आज पुन्हा घ्या, बाई म्हणाल्या. यादी उद्या संध्याकाळी बंद होते, आज नाही. प्राचार्यांनी कटऑफ सरांकडे बघितलं. नकार तिकडूनच येईल अशी त्यांची खात्री होती, कदाचित आशाही.

सरांनी अट घातली. आधी बाकीच्या दोन पेट्याही मधलीइतक्याच झिजवायच्या, आणि प्रत्येक उमेदवारानंतर मास्तरांनी तिन्ही पेट्या उघडून लावायच्या, सारख्याच वेळा. आणि आत सोडायचं ते चिठ्ठी टाकून. चिठ्ठ्या त्यांनी स्वतः फाडल्या.

मुलीची चिठ्ठी तिसरी निघाली. दुपारी ती आत गेली आणि दार बंद झालं. दारातल्या काचेतून बाईंना तिची पाठ दिसत होती. आधी तिने यंत्राला हातच लावला नाही. स्क्रूंकडे बघायचं नाही असं तिने ठरवलं असावं, कारण तिने डोळे मिटून घेतले. मग दांडा धरला आणि सावकाश फिरवला. थांबली. यंत्राला वळसा घालून पलीकडे गेली आणि दोरी ओढली. पुन्हा दांड्याकडे आली. मामांनी बाईंना हळूच समजावलं की दांड्याला जड लागलं तर खीळ लांब, हलकं लागलं तर जवळ, आणि दोरीकडून तेच उलटं. मग तेच म्हणाले, उगाच सांगतो आहे, मला आता बघवत नाही, आणि तोंड फिरवून उभे राहिले.

तिला वेळ लागला. आधीच्या दोघांपेक्षा जास्त लागला. दांडा, दोरी, दांडा, दोरी. एकदा तिने स्क्रूला स्क्रू-ड्रायव्हर लावला आणि काढून घेतला. अखेर तिने दांड्याजवळची पहिली पेटी उघडली, आत बघितलं, आणि टेबलाला टेकून उभी राहिली.

मास्तरांनी बाहेर येऊन कटऑफ सरांना मान हलवून होकार दिला.

सरांनी आकडेमोड केली. वेळ लागला म्हणून गुण कमी झाले होते, पण जागा राहिली, जेमतेम. ते तिच्यापुढे गेले आणि म्हणाले की तुझं गणित भयंकर आहे. सोमवारपासून वर्गाच्या एक तास आधी यायचं. पुढच्या बाकावर बसायचं. मागे गेलीस तर मी येऊन उठवीन.

मुलीने हो म्हटलं. मामा कार्यशाळेबाहेरच्या कठड्यावर बसले आणि त्यांनी गुडघा दोन्ही हातांनी धरला. पण दुखत होतं ते गुडघ्यात नसावं.

७

बाईंनी अहवाल विश्रामगृहात बसून पुरा केला, प्राचार्यांच्या हाती दिला, आणि पिशवी उचलून निघाल्या. प्राचार्यांनी गाडी देऊ का म्हणून विचारलं, पण विचारता विचारता फोन उचलला. मास्तरांच्या खोलीतून रंगाचा वास येत होता. फाटकापर्यंत कुणी भेटलं नाही. भेटले ते आधीच दुसऱ्या बाजूला वळले.

बसथांब्यावर त्या एकट्याच होत्या. थोड्या वेळाने मामा आणि भाची आली. मामा घरी परत निघाले होते आणि मुलगी पोचवायला आली होती. मामा फोनवर कुणाला तरी सगळं पहिल्यापासून सांगत होते, आणि त्या हकिकतीत भाचीने यंत्र केव्हाच झटक्यात उघडलं होतं. मुलीने बाईंना बघितलं आणि नजर वळवली. बाईंना हे अपेक्षितच होतं. सुटलेली माणसं सगळ्यांत लांब उभी राहतात. त्यांनी रस्त्याकडे बघायला सुरुवात केली.

मामांची बस आली आणि गेली. मुलगी परत फिरली नाही. ती बाईंच्या जवळ आली, थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"एक विचारू का?"

पुन्हा कुणी त्रास देणार नाही ना, असंच ती विचारणार, बाईंना वाटलं. सगळे तेच विचारतात. अहवालात माझं नाव आहे का, पुढे कुणाला कळेल का. त्यांनी उत्तर तयार ठेवलं.

"तुम्हाला कसं कळलं?" मुलीने विचारलं. "म्हणजे पहिल्यांदा. यंत्र तर रंगवलेलं होतं. मी तर काही बोलले नव्हते."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. या नोकरीत त्यांना लोकांनी कोण, किती आणि आता काय होईल, एवढं विचारलं होतं. कसं, हे कुणीच विचारलं नव्हतं. वरिष्ठांनी नाही, ताईने नाही. 

"एका मुलाची बस बंद पडली होती," त्या म्हणाल्या.

"मग?"

लांबून त्यांची बस येताना दिसली. पुढची तासाभराने होती. बाईंनी पिशवी बाकावर ठेवली, बाजूला सरकून जागा केली, आणि बसला हात दाखवला नाही.